आपोआप पडणारी नळी

कानाच्या डॉक्टरांनी ‘आपोआप पडते’ म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला नीट ऐकू येत नव्हतं. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय, औषधांनी हटत नाही, म्हणून पडद्याला बारीक छेद देऊन नळी बसवायची, म्हणजे आत हवा खेळेल. इथवर ठीक. पण पडणारच असेल तर पोरीला भूल देऊन बसवायची कशाला? नव्वदचं दशक सरत आलं होतं, आमच्या इंदिरानगरात गल्लीगल्लीत नवे दवाखाने निघत होते आणि माझा एकावरही भरवसा नव्हता.

सासूबाई पिंपळगावच्या. त्यांना मी सांगितलं, “कान टोचतात तसंच, फक्त आतून.”

“मंग भोक बुजू नये म्हणून कडुलिंबाची काडी घालतो, तशी ती नळी,” त्या म्हणाल्या. “पण काडी पडली की भोक बुजतं. मंग काय उपेग?”

मी जाऊन डॉक्टरांना हेच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “बुजायलाच हवं.” घ्या! भोक पाडायचं तेच बुजण्यासाठी. पण शाळेत पोर मागे पडत चालली होती, बाई रोज वहीत तक्रार लिहायच्या. नाइलाजानं सही केली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता येतंय ऐकू. मी कशी मानू? आमची पोर ओठ बघून बोलणं ओळखण्यात पटाईत. मागून हाक मारली तर वळायची, पण मला वाटे, सावली दिसली असेल. वाटी पाडून बघितली, तर वाटलं, फरशीचा हादरा लागला असेल.

एका दुपारी सासूबाई माझ्याजवळ मेथी निवडत होत्या. लेक आमच्याकडे पाठ करून चित्र रंगवत होती. तिच्यादेखत काहीही बोलायची आम्हा सगळ्यांना सवयच लागली होती.

“नळी घालून काय नाय व्हायचं,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “बहिरी ती बहिरीच. उद्या कोण करणार हिला?”

खडू थांबला. मान न वळवता तिनं विचारलं, “आजी, बहिरी म्हणजे मी का?”

मला खात्री हवी होती, ती झाली. सासूबाई सवयीनं जोरात म्हणाल्या, “नाय गं बाय, तू नाय!”

“ओरडू नको,” ती म्हणाली. “मला सगळं ऐकू येतंय.”

कधीपासून, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.