अकरा वर्षांचा शिकाऊ

थेरगावात आमच्या वरच्या मजल्यावर लातूरकडचं एक कुटुंब भाड्याने राहायचं. नवरा चाकणला वेल्डर. अकरा वर्षं एकाच कंपनीत, पण कायम कधीच नाही. सलग नोकरी भरून कायम करायची वेळ येऊ नये म्हणून ठेकेदार दर सात महिन्यांनी त्याला घरी बसवायचा आणि महिन्याभराने नव्याने भरती करायचा. याला 'ब्रेक' म्हणतात. आमच्या जिन्यात बायका सहज विचारायच्या, "यंदा ब्रेक दिवाळीच्या आधी का नंतर?"

यंदा ब्रेक संपल्यावर ठेकेदार म्हणाला, सरकारची योजना आलीय, शिकाऊ म्हणून ये. शिकाऊंचं मानधन सरकार देणार. कंपनीला आणखी काय हवं?

"काका, सहा महिन्यांनी सर्टिफिकेट. मग पर्मनंट करायलेत म्हणं," तो खुशीत होता.

"तुला वेल्डिंग शिकवणार कोण?"

"मीच! लाइनीत सगळ्यात जुना मीच हाय की."

मी हसलो. त्याची बायको हसली नाही. "पोरीची शाळा इथं का गावाकडं, ते त्या कागदावर हाय, काका."

सहा महिन्यांनी प्रमाणपत्र वाटपाला मी मुद्दाम गेलो. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि तेवढाच वेळ बोलले. तरुणांच्या हातांना काम दिल्याचं त्यांनी चारदा सांगितलं. खरी प्रमाणपत्रं सहीला गेली होती, म्हणून पुठ्ठ्याचं एक मोठं प्रमाणपत्र सगळ्यांनी पाळीपाळीने धरून फोटो काढले. आमचा वेल्डर इस्त्रीच्या शर्टात, ताठ उभा.

सोमवारी तो सकाळी दहालाच परत आला.

"गेटवर कार्ड चालंना. शिकणं झालं म्हणले तुमचं."

"आणि पर्मनंट?"

"योजनेत शिकवायचं हाय, ठेवायचं न्हाई म्हणं."

पुन्हा शिकाऊ होता येईना, कारण तो आता शिकलेला. ठेकेदाराकडच्या जुन्या जागांवर नवे शिकाऊ आलेले. महिनाभर तो चाकणमधली फाटकं पालथी घालत होता. सगळीकडे शिकाऊच हवे होते.

शेवटी मुलीच्या दाखल्याचा अर्ज माझ्याकडे आला. शाळा सोडण्याचं कारण लिहायचं होतं.

"काय लिहू रे?"

"झालं ते लिहा, काका."

मी लिहिलं: वडिलांचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण झाले.