वहिनींच्या संगणकावर लिनक्स

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते थोरल्या वहिनींचे. दादा फौजेत. कोरेगावच्या घरी आई, वहिनी आणि मी. बारावीनंतर मीही भरतीला उतरायचं, असं घरात ठरून गेलं होतं. भाकरी थापता थापता वहिनी आईला म्हणाल्या, "एक लेक हाय की फौजंत, आत्याबाई. भावजींना शिकू द्या." त्या एका वाक्यावर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. आज सांगलीच्या एका कॉलेजात संगणक शिकवतो.

वहिनी लग्नानंतर मराठी टायपिंगच्या क्लासला गेल्या होत्या. हात टाइपरायटरवर बसलेला. पुढे घरात संगणक आला, तेव्हा त्यांनी आपल्या माहेरची, शिराळ्याची, पंचमीच्या फेराची गाणी टाईप करायला घेतली. ती त्यांच्या आईला पाठ होती, आणि अलीकडे आई विसरायला लागली होती. रेकॉर्ड करायला फोन पुढे धरला की म्हातारी लाजून गप्प बसायची. म्हणून वहिनी माहेरी जाऊन ऐकून यायच्या आणि घरी डोळे मिटून, गुणगुणत टाईप करायच्या.

मागच्या वर्षी त्यांच्या संगणकावर सूचना यायला लागली, की या जुन्या सिस्टिमला आता सुरक्षेची दुरुस्ती मिळणार नाही. नवी त्या मशिनला झेपणारी नव्हती. मी तिच्या जागी लिनक्स ही दुसरी सिस्टिम घालायचं ठरवलं. मला त्याची मनापासून ओढ आहे. आमच्यासारख्या घरातल्या मुलाला फुकट मिळालेली, उघडून बघता येणारी, शिकता येणारी ती पहिली मोठी गोष्ट होती. वर्गात मी मुलांना तेच सांगतो.

"जुन्या फायली उघडतील न्हवं?" वहिनींनी विचारलं.

"उघडतील की."

"मग करा."

व्हिडिओवर दादाशी बोलणं, वीजबिल भरणं, सगळं सुरळीत झालं. मशीनही भराभर चालायला लागलं. पुढे मी फोनवर विचारायचो तेव्हा उत्तर एकच यायचं, "ब्येस हाय." मी कॉलेजात सहकाऱ्यांना उदाहरण द्यायचो, की बघा, माझ्या वहिनी वापरतात.

दिवाळीत दादा सुट्टीवर आला म्हणून मी गेलो. कीबोर्डवर भरतकामाचा रुमाल घातलेला होता. दादा म्हणाला, "तुज्या फुकटच्या सिस्टिमनं तुज्या वहिनीला परत पैलीत बसवलंय गड्या."

"आवं, गप बसा की," वहिनी म्हणाल्या.

"का गप? सांग की त्याला. मास्तर हाय त्यो."

मग हळूहळू कळलं. त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नव्हतं. जुनी गाणी उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसायच्या. मराठी टाईप करायची नवी सोय मी चालू करून दिली होती, पण तिच्यात अक्षरांच्या जागा टाइपरायटरपेक्षा वेगळ्या. मी ती मांडणी सहज शिकलो होतो, त्यामुळे त्याही शिकतील असं धरून चाललो.

"शिकले असते वो," वहिनी म्हणाल्या. "पन अक्षर हुडकूस्तवर गान्याची वळ निसटती. वहीत लिवावं म्हनलं, तर शेतातनं आल्यावर पेन धरवत न्हाई."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुमी एवढ्या हौसेनं केलं. कसं सांगायचं?"

जुनी गाणी तेवढी बचावली. माझ्याकडं त्यांची प्रत होती, ती मी कॉलेजात तेच सॉफ्टवेअर मिळवून उघडली आणि छापून आणली. पण मधल्या महिन्यांत जी उतरायची होती ती उतरलीच नाहीत. छापलेली पानं दिली त्या दिवशी वहिनींनी माझ्यासमोर आपल्या आईला फोन लावून एका गाण्याची पुढची ओळ विचारली. पलीकडून आवाज आला, "कंचं गानं गं?" वहिनींनी फोन ठेवला आणि चहाचं आधण चढवलं.

सांगलीला परत आल्यावर मी शोधलं. टाइपरायटरची मांडणी त्या सिस्टिममध्ये मिळत होती. पण ती आत कुठेतरी, इंग्रजी नावाखाली. मला माहीत नव्हती, मग त्यांना कुठून कळणार? त्यानंतर मला वर्गात पूर्वीसारखं बोलता येत नाही. लिनक्स वाईट आहे असं मला आजही वाटत नाही. पण साध्या घरात ते चालायचं तर जाणता माणूस हाकेच्या अंतरावर हवा, आणि त्याला नाही म्हणायची घरच्यांना मोकळीक हवी. वहिनींना ती माझ्यापाशी नव्हती. म्हणून मी पत्र पाठवलं.

"वहिनी, नमस्कार.

फोनवर तुम्ही पुन्हा 'ब्येस हाय' म्हणाल, म्हणून लिहितोय. रविवारी येतो आणि टाइपरायटरचा कीबोर्ड बसवून देतो. तुम्ही एकट्या बसून एक गाणं टाईप करा. मी तोवर बाहेर थांबतो. हात अडला तर जुनी सिस्टिम परत घालू. मग मात्र सुरक्षेसाठी तो संगणक इंटरनेटला जोडायचा नाही. दादाशी मोबाईलवरच बोलावं लागेल. दोन्हींत खोट आहे. कुठली चालवून घ्यायची ते तुम्ही ठरवा. माझं मन राखायला हो म्हणू नका.

दुपारी तुम्हाला शिराळ्याला घेऊन जातो. आईंना काय आठवेल ते आठवेल. त्यांचा विसर वयामुळं आहे, माझ्यामुळं नाही, असं तुम्ही म्हणाल. पण तो वाढत असताना तुमचे हात मी अडवून ठेवले होते, हे मला दिसतंय.

तुमचा धाकटा दीर."