दोन किलवर

आम्ही नवरा-बायकोनं सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे सरांच्या घरी खेळलेला चार बदामाचा डाव. सर म्हणजे आमच्या नांदेडच्या गल्लीतले रिटायर प्रोफेसर. मी एसटीचा ड्रायव्हर, शाळा चौथीपर्यंत. रमी यायची, ब्रिज नाही. सरांना आणि त्यांच्या बाईंना समोर बसायला जोडी मिळेना, म्हणून आम्हाला शिकवलं. उपकार केल्यासारखं शिकवलं.

ब्रिजमध्ये इस्पिक आणि बदाम हे मोठे रंग. दोन भिडूंकडं मिळून त्यातल्या एका रंगाची आठ पानं निघाली की तोच हुकूम करायचा. पण 'तुझ्याकडं बदाम आहेत का' असं सरळ विचारायचं नाही. भिडूनं 'एक बिनहुकूम' म्हटलं की आपण 'दोन किलवर' म्हणायचं. हातात किलवर नसला तरी. त्याचा अर्थ, मोठ्या रंगाची चार पानं असतील तर सांग. शिकलेल्या लोकांना सरळ बोलायचं जिवावर येतं, त्यातलाच हा प्रकार.

आमची ही मात्र 'दोन किलवर' म्हणून लगेच सगळ्यांना सांगायची, "विचारून राहिले हो मी, मोठा रंग हाय का म्हणून." सर कपाळाला हात लावायचे. "वहिनी, बोलीचा अर्थ भिडूनं सांगायचा असतो, तोही समोरच्या जोडीनं विचारला तर. आपला आपण नाही!"

"हाव, हाव," म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्या रविवारीही तसंच. मी 'दोन बदाम' म्हटलं, तिनं 'चार बदाम'. लागतात तेवढे दहा हात झाले. बुधवारी ती लातूरला लेकीकडं गेली आणि तिथंच छातीत कळ येऊन संपली.

तेरावा झाल्यावर सरांनी बोलावलं. माझा भिडू म्हणून एक बँकवाला आणून बसवला होता. पानं वाटायच्या आधी त्यानं अर्धा तास स्वतःच्या बोल्या समजावल्या. माणूस नुसता तोंडानंच खेळणारा. मी 'एक बिनहुकूम' म्हणालो. तो म्हणाला, "दोन किलवर."

मी थांबलो. पुढचं कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघत बसलो. कुणी बोललं नाही. "पास," म्हणालो.

किलवरच हुकूम ठरला आणि बँकवाल्याच्या हातात किलवरचं एकच पान होतं. डाव पार बुडाला. "काका, झोपलात काय?" म्हणाला. बाई चहा टाकायला आत गेल्या, तसे सर हसले.

"बघितलंत? वहिनी तोंडानं आठवण द्यायच्या, म्हणून तुमचं जमायचं. नियमानं ती चोरीच हो, ड्रायव्हरसाहेब. आम्ही चालवून घेतली."

उठून घरी आलो. मला मठ्ठ म्हणा, चालेल. गेलेल्या बाईला चोर म्हणायला जीभ कशी उचलते? पुस्तकं वाचून वाचून माणसाचं हे असं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. दोघं ओट्यावर चहा घेत होते. मी उभ्यानंच म्हणालो, "सर, काल बोललात ते आता बाईंसमोर बोला."

सर म्हणाले, "अहो, गंमत केली."

"मग मीच सांगतो. बाई, आमची मंडळी चोरी करायची, म्हणतेत हे. मला आठवण द्यायला अर्थ सांगायची, म्हणतेत."

बाईंनी कप खाली ठेवला. नवऱ्याकडं बघत म्हणाल्या, "माझ्यासाठी सांगायच्या त्या. मला त्या बोल्या ध्यानात राहत नव्हत्या. विचारलं की तुम्ही चारचौघांत माझी अक्कल काढायचात. एकदा चुलीपाशी रडले मी त्यांच्याजवळ. तेव्हापासून सांगायला लागल्या."

मला हे ठाऊक नव्हतं. घरी येऊनही तिनं कधी सांगितलं नाही.

सरांनी पेपर तोंडासमोर धरला. बाई म्हणाल्या, "बसा भाऊ, चहा घ्या."

बसलो. सरांच्या समोरच बसलो आणि सावकाश, बशीत ओतून, सगळा चहा पिलो.