मामांचे सहा ड्रायव्हर

एकाच युद्धात, एकाच ट्रकमध्ये, एकाच माणसाच्या मांडीवर डोकं ठेवून सहा वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी प्राण सोडल्याची घटना जगात कुठे घडली असेल, तर ती मांडी माझ्या मामेसासऱ्यांची आहे. मी ती जवळून पाहिलेली आहे. सहा महिने ती माझ्या गाडीच्या पुढच्या सीटवर होती, कारण कोलंबसजवळच्या आमच्या उपनगरात मामा सिटी काउन्सिलच्या निवडणुकीला उभे होते आणि त्यांना सभेसभेला नेण्या-आणण्याचं काम आमच्या सौभाग्यवतीने परस्पर माझ्या गळ्यात घातलं होतं. मामांचं वय शहात्तर. भारतात या वयाचा माणूस नातीच्या लग्नाच्या याद्या करत बसतो; अमेरिकेच्या राजकारणात त्याला होतकरू म्हणतात.

मामा सैन्यात होते, हे मात्र शंभर टक्के खरं. एकाहत्तरच्या लढाईत ते सेकंड लेफ्टनंट होते आणि आघाडीवरच्या तुकड्यांना रसद पोचवायचं काम करत होते. पुढे काही वर्षांनी कॅप्टन म्हणून बाहेर पडले, ओहायोत आले, आणि तीस वर्षं एका कंपनीत पुलांची ड्रॉइंग्ज तपासून निवृत्त झाले. त्यांची खरी बढती तिथून पुढे सुरू झाली. मराठी मंडळाच्या एका पत्रकात ते मेजर होते, पुढच्याच दिवाळी अंकात कर्नल झाले, आणि प्रचाराच्या पाटीवर तर नुसतंच ‘कमांडर’ असं छापलं होतं. कशाचे कमांडर, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही.

शिस्त मात्र त्यांच्या अंगात अस्सल होती. सहाची सभा म्हटली की पाच चाळीसला ते आमच्या ड्राइव्हवेत बूट चमकवून उभे. लोकांच्या लॉनवर प्रचाराच्या पाट्या रोवायला निघाले की हातात काठी, आणि दोन पाट्यांमधलं अंतर काठीने मोजून. एकदा एका घरासमोर प्रतिस्पर्धी बाईंची पाटी वाऱ्याने कलली होती. मामांनी मला गाडी थांबवायला लावली, खाली उतरून ती पाटी सरळ केली, टाचेने माती दाबली, आणि आत येऊन बसत म्हणाले, “वाकडी पाटी मला बघवत नाही, कुणाचीही असो.” वाकडी गोष्ट मात्र त्यांना चालायची, हे मला हळूहळू कळत गेलं.

मूळ गोष्ट त्यांनी मला प्रचाराच्या पहिल्या आठवड्यात, इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये मामींची वाट बघताना सांगितली होती. पंजाबच्या सरहद्दीवर एका सकाळी दाट धुकं होतं. ट्रकमध्ये मामा आणि त्यांचा ड्रायव्हर सदाशिव, माण तालुक्यातला, वयाने मामांपेक्षाही वर्षभराने लहान. मागे आटा, बटाटे आणि अंडी. कुठेतरी तोफेचा गोळा पडला आणि ट्रक कालव्यात गेला. सदाशिवने मामांना बाहेर ओढलं, त्यात त्याचा डावा हात दाराखाली चिरडला तो कायमचा अधू झाला. इतकीच गोष्ट. मला ती फार आवडली, आणि हीच सभांमधून सांगा, असा सल्ला मीच दिला. पुढच्या सगळ्या पापात माझा वाटा आहे तो इथपासून.

पहिली सभा माजी सैनिकांच्या हॉलमध्ये होती, शनिवारी सकाळी, पॅनकेक खाता खाता. समोर टोप्या घातलेले आडदांड गोरे आजोबा. त्या लढाईत अमेरिकेचं आरमार कुणाच्या बाजूने बंगालच्या उपसागरात आलं होतं, हे तिथे आठवणं बरं दिसलं नसतं. म्हणून मामांनी युद्धाचं नावच घेतलं नाही. “एशियात, सत्तरच्या सुमारास,” एवढंच म्हणाले, आणि ऐकणाऱ्यांनी ती आपलीच लढाई असं धरून घेतलं. ड्रायव्हरचं नाव जो झालं. जो मामांच्या मांडीवर गेला तेव्हा एका आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली. परतताना गाडीत मामा म्हणाले, “अरे, सदाशिव त्यांना उच्चारता आला नसता.” मला ते पटलं, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

त्यानंतर मात्र मामांनी मागे वळून पाहिलं नाही. गुरुद्वारात ड्रायव्हर बलवंतसिंग झाला आणि त्याने स्वतःची पगडी फाडून मामांचा पाय बांधला. मामा पार्किंगमध्ये पोचेपर्यंत लंगडत होते. तमिळ मंडळींच्या बैठकीत तो मुरुगन होता आणि मरताना त्याने थर्मासमधली कॉफी मामांना पाजली. गुजराती समाजात रमणीक आला, आणि ट्रकमधली अंडी तेवढ्यापुरती उतरवण्यात आली. बांगलादेशी दुकानदारांनी बोलावलं तेव्हा आख्खा ट्रक दोन हजार किलोमीटर पूर्वेला नेऊन मामांनी तो पद्मेच्या काठी उलटवला आणि रफीकच्या तोंडी एक बंगाली ओळ घातली, जी आम्ही त्याच दुपारी फोनवर शोधली होती. सगळ्यांत अवघड होतं ते पाकिस्तानी डॉक्टरांचं जेवण. तिथे मामांनी कुणालाच मारलं नाही. त्या युद्धात मुळी गोळीच सुटली नव्हती. धुक्यात दोन्हीकडचे लोक वाट चुकले आणि एकत्र चहा प्यायले. बिर्याणी फार छान होती.

आता इतक्या ड्रायव्हरांत गोंधळ व्हायचा, म्हणून मी माझ्या फोनमध्ये एक तक्ता केला. कोणती सभा, कोणता ड्रायव्हर, कोणता पाय. सभेला शिरण्याआधी मामा चष्मा वर करून तो वाचत. दोन सुशिक्षित माणसं, एक निवृत्त इंजिनिअर आणि एक नोकरीत असलेला, पार्किंग लॉटमध्ये बसून एका जिवंत माणसाची जात, धर्म आणि शेवटचे शब्द ठरवत होती. तो जिवंत आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती, असं मी स्वतःला सांगतो. पण चौकशीही केली नव्हती.

मराठी मंडळात सदाशिव हा सदाशिवच राहिला, फक्त मेला. जाताना तो म्हणाला, “साहेब, आईला सांगा, रडू नको.” अर्धा हॉल रडला. मंडळाच्या उत्साही सेक्रेटरीने व्हिडिओ नेटवर टाकला, तो कुणाच्या तरी मावशीच्या ग्रुपवरून पुण्याला गेला आणि तिथून आणखी पुढे. दहा-बारा दिवसांनी, रविवारी सकाळी, मामा आमच्या टेबलावर पत्रकांच्या घड्या घालत असताना मला पुण्याहून एका मुलाचा फोन आला. प्रचाराच्या पानावर संपर्कासाठी माझाच नंबर होता. त्याच्या आजोबांना साहेबांशी बोलायचं होतं. मी फोन स्पीकरवर टाकला.

“जय हिंद, साहेब. सदाशिव बोलतोय. मी वारल्याचं ऐकलं.”

मामा खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. पत्रकं खाली पडली. चोपन्न वर्षांनी त्यांनी तो आवाज ऐकला होता. सदाशिवच त्यांना सांभाळून घेत राहिला. “साहेबांनी सांगितलं छान,” म्हणाला. “घरातल्या बायका रडल्या, मलाही जरा भरून आलं.” मग त्याने काम सांगितलं. गावच्या शाळेत युद्धात जखमी झालेल्या गावकऱ्यांच्या नावांचा फलक लागणार होता. त्याचं नाव त्यात घेत नव्हते, कारण त्याच्या कागदावर ‘वाहन अपघात, चालकाची चूक’ असं लिहिलेलं होतं. साहेबांनी खरं काय घडलं त्याचं एक पत्र दिलं तर नाव लागेल. यादी दिवाळीनंतर चार दिवसांनी बंद होणार होती. नातवंडं त्याच शाळेत जातात, एवढंच म्हणाला. मामांनी “देतो, नक्की देतो” म्हणून फोन ठेवला.

चालकाची चूक असं कुणी लिहिलं, हे मी सहज विचारलं. मामा पत्रकं गोळा करत होते. खाली वाकूनच ते म्हणाले, “मी.” मग पत्रकांचा गठ्ठा टेबलावर ठेवून त्यांनी उरलेलं सांगितलं. ऑफिसरने गाडी चालवायची नाही असा नियम होता. त्या सकाळी मामांनी हौसेने स्टिअरिंग हातात घेतलं होतं. गोळा लांब कुठेतरी पडला, मामा घाबरले आणि ट्रक कालव्यात गेला. नंतर वरिष्ठांसमोर उभं राहिल्यावर, त्यांना जे ऐकायला बरं वाटेल ते मामांनी लिहून दिलं. सदाशिव तेव्हा हॉस्पिटलमध्ये होता. मामांची पहिली सभा ती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मला त्यांचा राग आला. खरा राग. तो त्यांना दिसलाही असेल.

“मतदान होऊ दे,” मामा म्हणाले. “आत्ता हे बाहेर आलं तर संपलं सगळं. पंधरवड्याचा तर प्रश्न आहे.” पण मतदान होतं दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी, आणि यादी तोवर थांबणार नव्हती. हे त्यांनाही कळत होतं. मी पुष्कळ काही बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण तक्ता माझ्याच फोनमध्ये होता.

देवाला काळजी असते म्हणतात. आमच्या बाबतीत ती इथल्या शाळेच्या जिमने, म्हणजे खेळाच्या बंदिस्त हॉलने घेतली. त्या वर्षी शाळेने जिमची ऐन दिवाळीतली एकच तारीख दिली, त्यामुळे सगळ्या मंडळांनी मिळून एकच दिवाळी करायची ठरवली. बास्केटबॉलच्या खांबाखाली गुजराती टेबल, त्याला लागून तमिळ, पलीकडे मराठी, शीख, बांगलादेशी, शेजारधर्म म्हणून आलेले पाकिस्तानी डॉक्टर, आणि खास पाहुणे म्हणून टोप्या घातलेले ते आजोबा. उमेदवारांना पाच-पाच मिनिटं. मामांनी सगळ्यांवर एकदा नजर फिरवली आणि मी त्यांच्या कपाळावर घाम पाहिला.

त्यांनी सुरुवात केली ती अशा एका ड्रायव्हरपासून, ज्याला नाव नव्हतं, गाव नव्हतं, भाषा नव्हती. तो हिंदी बोलत नव्हता, इंग्रजी बोलत नव्हता. काहीच बोलत नव्हता. पण प्रत्येक टेबल त्याला ओळखत होतं. तमिळ टेबलावरच्या एक बाई शेजारच्या गुजराती बेनना समजावून सांगू लागल्या की हा आमचा मुरुगन, आता कॉफी येईल. बेन म्हणाल्या की नाही हो, तो तर रमणीक. गुरुद्वारातल्या एका वृद्ध सरदारजींनी प्रेमाने आठवण करून दिली, “कर्नल साब, वो पगडीवाली बात बताओ.” मराठी टेबलावरून कुणीतरी आईचा निरोप विचारला. आणि मागून एका आजोबांचा जाड, सरळ आवाज आला, “सर, व्हॉट हॅपन्ड टु जो?”

कुठूनतरी हसू सुरू झालं, ते जिमभर पसरत गेलं. मला वाटलं मामा काहीतरी सावरून घेतील; सहा महिने मी त्यांना सावरताना पाहिलं होतं. पण ते माइकपाशी नुसते उभे राहिले. पाच मिनिटं संपल्याची घंटा झाली तेव्हा ते खाली उतरले आणि थेट गाडीत जाऊन बसले.

पुढचं आधीच सांगून टाकतो. निवडणुकीत मामा सपाटून पडले, आणि कलती पाटीवाल्या बाई निवडून आल्या. मला वाईट वाटलं, तेही अपेक्षेपेक्षा जास्त. हल्ली मामा कुठे बोलत नाहीत. मंडळात मागच्या रांगेत बसतात, आणि कुणी लढाईचं विचारलं तर बटाटे पोचवत होतो म्हणतात. कधीकधी मलाच चुकल्यासारखं होतं.

पण त्या दिवाळीच्या दुसऱ्या सकाळी ते न कळवताच आठ वाजता आले, दाढी न करता, हातात कागद. रात्री त्यांनी पत्र लिहायचा प्रयत्न केला होता. चार मसुदे होते आणि चारही निरनिराळे. एकात सदाशिव त्यांना पाठीवर घेऊन दोन मैल चालला होता. मी वाचून त्यांच्याकडे पाहिलं. “मला आता नीट आठवतच नाही रे,” मामा म्हणाले. “सांगून सांगून सगळं मिसळलंय.” मग त्यांनी स्वतःच पुण्याच्या मुलाचा नंबर मागितला आणि फोन लावून टेबलावर ठेवला. नातवाने आजोबांना जोडून दिलं.

“सदाशिव, तू सांग. मी लिहून घेतो.”

सदाशिव सावकाश सांगू लागला आणि मामा पुलांची ड्रॉइंग्ज तपासणाऱ्या त्यांच्या त्या सरळ, सुटसुटीत अक्षरात लिहू लागले. धुकं. कालवा. ट्रकात आटा, बटाटे, अंडी. किती लांब ओढलंस, मामांनी विचारलं. “पंधरा पावलं असतील साहेब. फार नाही.” मामांनी पंधरा लिहिलं. “मग गाडी कालव्यात गेली,” सदाशिव म्हणाला, “आणि मी दार उघडलं.”

मामांचं पेन थांबलं. “गाडी कोण चालवत होतं, ते राहिलं.”

पलीकडे कुणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग सदाशिव म्हणाला, “ते तुम्हीच लिहा, साहेब. मला सांगायला बरं नाही वाटत.”

मामांनी लिहिलं. मग ते वाक्य त्यांनी फोनमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं, आपण घाबरलो होतो हे धरून, आणि पलीकडून “हां साहेब, असंच झालं होतं,” असं ऐकू येईपर्यंत त्यांनी पेन खाली ठेवलं नाही.