राजे बर्फात, गाव उपाशी

राजे गेले मंगळवारी सकाळी. आर्णीकडच्या त्या गावात राजेपण नावापुरतंच उरलं होतं, पण गढीवर मयत झाली की गावात चूल पेटवायची नाही, हा रिवाज मात्र ठणठणीत होता. राजाला अग्नी मिळेपर्यंत दुसरा विस्तव नाही. गढीचा कारभारी कमलाकर घरोघर सांगून गेला, गॅससुद्धा नको म्हणाला.

विमलताईंनी मुकाट्यानं चूल विझवली. मागच्या राजांच्या वेळीही त्यांनी विझवली होती. पण तेव्हा राजाला दिवस मावळायच्या आत उचलत. एका वेळच्या उपासानं कुणाचं काय बिघडतं? आता चिरंजीव ऑस्ट्रेलियातून यायचे होते, म्हणून यवतमाळहून बर्फाची काचपेटी आणली आणि राजे तिच्यात निवांत पडून राहिले. पेटी नवी, रिवाज जुना, आणि मरण गावाचं. हा कुठला न्याय?

बुधवार उजाडला. विमलताईंची सून समीक्षा ओली बाळंतीण. बिस्किटांवर तिचं दूध आटत चाललं, बाळ रडून रडून लाल झालं. ताई गढीवर विचारायला गेल्या, तर मागच्या पडवीत नागपूरच्या पाहुण्यांसाठी चहा उकळत होता. त्यांचं डोकंच फिरलं. घरी येऊन त्यांनी भर अंगणात चूल पेटवली आणि भाकरी थापायला बसल्या.

धूर पाहून कमलाकर धावत आला. "विमलताई, हे काय करून राह्यल्या? राजांचा अपमान हाय हा."

"गढीवर चहा उकळते तवा नाही होत अपमान? माह्या नातवाच्या दुधावर काहून उठले तुम्ही, कमलाकरभाऊ?"

कमलाकर पाय आपटत गेला. समीक्षा पोटभर जेवली, पण ताईंचा राग उतरेना. शेजारणी दारातून नुसत्या बघत होत्या, त्यांचाही राग आला.

थोड्या वेळानं कमलाकर परत आला, मान खाली घालून. राजांच्या मागे उरलेल्या राणीसाहेबांना कालपासून कुणी अन्नाचं विचारलंच नव्हतं. धूर पाहून त्यांनीच त्याला धाडलं होतं.

"भाकर मागतली त्यायनं," तो हळूच म्हणाला. "फडक्यात बांधून द्या, मागच्या दारानं नेतो."

विमलताईंनी तव्यावरची भाकर ताटात घेतली, वर शेपूची भाजी वाढली. ताट त्याच्या हाती दिलं नाही.

"मागच्या दारानं कायले? भूक लागली तिले, चोरी नाही केली," असं म्हणून त्या निघाल्या आणि साऱ्या पाहुण्यांच्या देखत समोरच्या दारानं आत गेल्या.