तिसरा रिपोर्ट

शिवतेजला बॉक्सिंगच्या शेडमध्ये पहिल्यांदा नेलं ते त्याच्या बहिणीने, राजलक्ष्मीने. तो अकरा वर्षांचा होता, ती पंधराची. शाळेतून त्याच्या मारामारीची तिसरी चिठ्ठी आली तेव्हा त्यांची आई वेणूबाई म्हणाली, "ह्येला कुठंतरी घाल बाई. कराटे, कुस्ती, काय बी. न्हाईतर कुणाची तरी हाडं मोडून ठिवंल." कामोठ्यातला कराटेचा क्लास नेमका त्या दिवशी बंद होता. मागच्या पत्र्याच्या शेडमधून दणदण आवाज येत होता म्हणून दोघं तिकडे डोकावली, आणि दिनानाथ घरतांनी त्यांना हाताने खुणावून आत बोलावलं.

घरतसर उरणकडचे. बंदरात नोकरी, नाक बसकं, बोलणं तोडकं. तरुणपणी स्वतः खेळलेले. त्यांनी शिवतेजच्या मुठींना पट्ट्या गुंडाळल्या, पॅड समोर धरले आणि म्हणाले, "मार." सहा-सात ठोसे झाल्यावर त्यांनी पॅड खाली घेतले आणि राजलक्ष्मीला विचारलं, "बाय, याचा बापूस काय करतं?"

"मार्केटला माथाडी आहेत."

"मंग बरोबर. खांदं तिकरशी आलंय. पन डोला याचा सोताचा हाय. ह्यो माज्या हाताकडं बगत नाय, छातीकडं बगतं. ह्यो शिकवून येत नाय."

त्या दिवसापासून राजलक्ष्मीचीही त्या शेडशी गाठ पडली. आई धुण्याभांड्याची कामं करायची, आबा पहाटेच मार्केटला गेलेले असायचे, तेव्हा शिवतेजला नेणं-आणणं तिच्याकडे आलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तिने दहावीचा अभ्यास केला, पुढे लॅब टेक्निशियनचा कोर्सही तिथेच बसून वाचला. हातावर पट्टी कशी बांधायची ते सरांनी तिला शिकवलं. मनगटाला किती वेढे, अंगठ्याला कुठून वळसा. ती बांधायची तेव्हा शिवतेज कधी बोलायचा नाही, हात तेवढा पुढे धरायचा.

तो मार खायचाच नाही. समोरच्याचा हात निघाला की हा अर्ध पाऊल मागे गेलेला असायचा आणि तो हात परत जायच्या आत याचा ठोसा पोचलेला असायचा. सतराव्या वर्षी राज्याचं सुवर्ण आलं, अठराव्या वर्षी देशपातळीवर युवा गटात रौप्य. कामोठ्याच्या चौकात कुणीतरी त्याचा बॅनर लावला. आबा, म्हणजे त्यांचे वडील बाबासो, मार्केटवरून परतताना त्या बॅनरखाली बराच वेळ उभे राहिले. अंगावर कांद्याची फोलं, पाठ वाकलेली. पाटण तालुक्यातून एकोणिसाव्या वर्षी आलेला हा माणूस तीस वर्षं पाठीवर पोती वाहत होता. घरी येऊन एवढंच बोलले, "फोटूआधी दाढी तरी करायची हुती."

मग वजनाचा प्रश्न आला. शिवतेज साठ किलोच्या गटात खेळायचा आणि विसाव्या वर्षी त्याची हाडं रुंदावली. प्रत्येक स्पर्धेआधी पाच-सहा किलो उतरवायचे. घरतसर म्हणाले, वरच्या गटात ये, एक वर्ष जाईल पण शरीर वाचेल. त्याला एक वर्षही घालवायचं नव्हतं. एका स्पर्धेला तो दोन दिवस पाण्याशिवाय राहिला, रेनकोट घालून धावला, बाटलीत थुंकत राहिला, आणि काट्यावर चारशे ग्रॅम जास्त भरला. त्याला न खेळता परत पाठवलं.

त्या काळात तो खारघरच्या एका जिममध्ये जायला लागला होता. तिथला ट्रेनर निशांत, त्याच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. निशांतनेच त्याला शनिवार-रविवार बेलापूरच्या एका पबच्या दारावर उभं केलं. तिथे मुलं-मुली त्याच्यासोबत फोटो काढायची, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ फिरायचे, लोक त्याला चॅम्प म्हणायचे. निशांत वाईट माणूस नव्हता, असं राजलक्ष्मी अजूनही सांगते. त्याला वाटलं आपण मदतच करतोय. स्वतः घेत होता तीच पावडर त्याने पुढे केली. "भूकच लागत नाही भाई. दहा दिवस घे, वजन आलं की सोड."

ती एमडी होती, मेफेड्रोन नावाची नशेची पावडर. दहा दिवसांत चार किलो उतरले. शिवतेज काट्यावर बरोबर भरला, चारही लढती जिंकला आणि पदक घेऊन आला. तिथेच सगळा घोळ झाला. पहिल्या खेपेला त्या पावडरीने त्याला फसवलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षभरात स्पर्धा नसतानाही त्याचं वजन उतरत राहिलं. ताटातली भाकरी तशीच राहायची. बोलता बोलता जबडा एका बाजूला सरकायचा, दात एकमेकांवर घासायचे. दोन-दोन दिवस टक्क जागा, मग तिसऱ्या दिवशी हलवून उठवलं तरी उठायचा नाही. वेणूबाईला वाटलं कुणाची नजर लागली. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. राजलक्ष्मी मात्र तोवर लॅबमध्ये नोकरीला होती आणि असली माणसं रोज तिच्यासमोरच्या खुर्चीत बसून बाही वर करायची. तिने त्याची बॅग उघडली. हाताच्या पट्टीच्या गुंडाळीत प्लॅस्टिकची छोटी पुडी होती.

"आईच्या गळ्याची शपथ, ताई, बंद करतोय," तो म्हणाला. केलं नाही. नंतर आणखी दोनदा त्याने शपथ घेतली.

एका दुपारी घरतसर लॅबमध्ये येऊन काउंटरसमोर उभे राहिले. "बाय, काल चौदा वर्साच्या पोराना त्याला दोनदा लावला. तोंडावर. ह्यो काय घेतंय?"

तिने सांगितलं. सर समोरच्या खुर्चीत बसले. मग त्यांनीच फोनाफोनी करून कर्जतकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात त्याची सोय केली. आबांना सांगितलं, पोरगा कॅम्पला चाललाय. बाबासोंनी मार्केटमधल्या माथाडींच्या टोळीलाही तेच सांगितलं आणि तीन महिने अभिमानाने सांगत राहिले.

शिवतेज परत आला तो अंगाने भरलेला, शांत. आईच्या हातची आमटी दोनदा मागून घ्यायचा. शेडमध्ये परत यायला सरांनी एकच अट घातली. दर पंधरा दिवसांनी लघवीची तपासणी, तीही राजलक्ष्मीच्या लॅबमधून, आणि तिने सरांना फोन करून सांगायचं. साफ असेल तरच राज्य निवड चाचणीला नाव. "मी कागद वाचनार नाय," सर तिला म्हणाले. "तू बोललीस का मंग झाला."

पहिला रिपोर्ट साफ आला. दुसराही. वजनाचा गट सरांनी वरचा घ्यायला सांगितला होता, पण त्या गटात राज्यात आधीच दोन तगडी मुलं होती, म्हणून शिवतेज हट्टाने पुन्हा साठावरच उतरला.

तिसरा नमुना सोमवारी घेतला आणि मंगळवारी दुपारी मुख्य लॅबमधून निकाल स्क्रीनवर आला. चाचणीला सहा दिवस राहिले होते. राजलक्ष्मीने तो दोनदा वाचला आणि भावाला बोलावून घेतलं. रक्त घेण्याच्या खोलीत पडदा ओढून दोघं उभी राहिली.

"कधी?"

"शनिवारी. निशांतचा बर्थडे होता. एकदाच झालं, ताई."

"मग सरांना तसंच सांग."

"सर नाव काढतील. तुला माहितीय." तो भिंतीकडे बघत होता. "मला तेवीस चालू आहे. हे गेलं तर माझ्याकडे काय आहे सांग. पबचं दार?"

तिने पडद्याची फट बंद केली.

"आबा येणार आहेत बघायला," तो म्हणाला. "पहिल्यांदा. रजा टाकलीय त्यांनी."

राजलक्ष्मीने त्या वेळी काय विचार केला ते तिला आजही लख्ख आठवतं. याला रिंगमधून बाहेर काढलं तर हा थेट त्या पावडरीत जाईल. रिंग आहे तोवर निदान धरायला काहीतरी आहे. विचार अगदीच खुळा नव्हता. तिने कागदात काही बदल केला नाही. तो फक्त छापला आणि खणात ठेवला. संध्याकाळी सरांचा फोन आला.

"बाय, साफ हाय ना?"

"हो, सर."

निवड चाचणी पुण्याला होती. राजलक्ष्मी गेली नाही. लॅबमध्ये माणूस कमी होता, असं तिने घरी सांगितलं. बाबासो गेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पुढचं सगळं तिला त्यांच्याकडून आणि सरांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. पहिली फेरी शिवतेजने सरळ जिंकली. दुसऱ्या फेरीत कानशिलावर एक ठोसा बसला, फार मोठा नाही. पंचांनी आठ आकडे मोजले, त्याने मान हलवली, लढत चालू राहिली. फेरी संपल्यावर तो कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसला आणि म्हणाला, "सर, लाईट लई टोचतेय." मग तो सरांच्या खांद्यावर टेकला. दुसऱ्या रांगेत बसलेल्या बाबासोंना वाटलं, पोरगं दम खातंय.

मेंदूवर रक्त साचलं होतं. रुग्णालयात कवटी उघडून ते काढलं. राजलक्ष्मी आईला घेऊन पोचली तेव्हा ऑपरेशन व्हायचं होतं आणि डॉक्टर बाबासोंना विचारत होते, "हा काही घेतो का? रक्तदाब इतका का चढलाय? शरीरात पाणीच नाही."

"दूध घेतो," बाबासो म्हणाले. "अंडी घेतो. रोज."

राजलक्ष्मी पुढे झाली. "एमडी घेतो, डॉक्टर. दोन वर्षांपासून. मागच्या मंगळवारचा रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. त्यानंतरही घेतली असेल."

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि ते आत गेले. बाबासो तिच्याकडे बघत राहिले, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या पोराबद्दल बोलली होती. घरतसर भिंतीला टेकून उभे होते.

"तू मना साफ बोललीस," ते म्हणाले.

"हो."

ते जिना उतरून खाली गेले. त्या दिवशी पुन्हा वर आले नाहीत.

शिवतेज अकराव्या दिवशी शुद्धीवर आला. उजवा हात उचलेना, उजवा पाय ओढायला लागला, आणि शब्द तोंडाशी येऊन अडायला लागले. बाराव्या दिवशी बाबासो मार्केटला कामावर गेले. त्यांनी मुलीला एक शब्दही विचारला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. निशांत एकदा इमारतीखाली आला, गेटपाशी बाईकवर बसून रडला आणि वर न येता निघून गेला. महिन्याभराने घरतसरांनी शेड बंद केली. मुलं दुसऱ्या क्लासला गेली.

वर्ष उलटलं. वेणूबाई रोज सकाळी मुलाच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडते, तेल चोळते. एका रविवारी राजलक्ष्मी त्याची नखं कापत होती. तो बराच वेळ शब्द जुळवत होता.

"ताई. तू... नाही म्हणायचं होतंस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला सोपं गेलं असतं.

"हो," ती म्हणाली आणि उरलेली नखं कापून संपवली.

पुढच्या रविवारी ती बस पकडून उरणच्या अलीकडच्या गावात सरांच्या घरी गेली. त्यांची बायको सगुणा अंगणात सुकट निवडत होती. तिने आत हाक मारली. सर बाहेर आले, ओट्यावर बसले. राजलक्ष्मी उभीच राहिली. वर्षभर मनात घोळवलेलं तिने एका दमात सांगून टाकलं. माझ्यामुळे झालं, तुम्ही विश्वास टाकला होता, मी खोटं बोलले.

सर बराच वेळ समोरच्या रस्त्यावरून द्रोणागिरीकडे चाललेले कंटेनर बघत राहिले.

"पुन्याला वजन करताना त्याचा जबडा हालत होता," ते शेवटी म्हणाले. "सकालचे सात वाजता. मी बगतला. पंचवीस वरसा पोरं शिकवलीत, मना समजनार नाय? मना समजला. पन मी बोललो, बाय साफ बोलली ना, मंग साफ. मना पन एक पोरगा पुडं गेलेला बगाचा होता."

राजलक्ष्मी तिथेच ओट्याच्या कडेला बसली. सगुणाने चहा आणला. दोघांपैकी कुणीच तो प्यायलं नाही.

आता सर दर मंगळवारी कामोठ्याला येतात. शिवतेजच्या शेजारी बसून टीव्ही बघतात, त्याला खाली सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारून आणतात. खेळाचं नाव दोघंही काढत नाहीत. एकदाच सरांनी काढलं, परवा. राजलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"शिवा, आठवन येतं का रं? रिंगची?"

शिवतेजने मान हलवली. नाही. मग त्याचे ओठ हलले, शब्द अडला, त्याने पुन्हा सुरुवात केली. सर वाट बघत राहिले.

"पावडरीची येते," तो म्हणाला. "रोज."

सरांनी त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मिटलेली बोटं एकेक करून उघडायला लागले.