नामदेवकाकांचा आवाज

बडनेऱ्याला उतरले तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. अमरावतीत शनिवारी आणि अकोल्यात सोमवारी, असे माझे दोन कार्यक्रम होते. मी पुण्याची, स्टेजवर एकटी उभी राहून लोकांना हसवते. चार वर्षांत नाव झालं ते एकाच प्रसंगामुळे. त्यात वरूडचा एक संत्रेवाला संत्र्यांची पेटी घेऊन लेकीला भेटायला पुण्याच्या हॉस्टेलवर येतो आणि वॉचमनला म्हणतो, "माह्या पोरीले बलावून द्या ना जी." वॉचमनला काही कळत नाही. आठ मिनिटं मी त्याच आवाजात बोलते. तोच आवाज घेऊन मी पहिल्यांदा वऱ्हाडात आले होते.

दुपारी अमरावतीत गिला वडा (दही-चटणीत बुडवलेला वडा) खाल्ला आणि संध्याकाळच्या काळजीत निम्मा तसाच ठेवला. लोक चिडतील असं वाटलं होतं. उलट सभागृह खो खो हसलं. नंतर एक शिक्षिका भेटायला आल्या.

"लय हासलो जी आमी. पन तो मानूस खरा हाये काय?"

"खरा आहे. माझ्या मैत्रिणीचे वडील."

"मंग त्यायले माईत हाये काय, तुमी त्यायची नक्कल करता ते?"

मी हसून विषय बदलला. त्यांनी हसून साथ दिली नाही.

रविवारी सकाळी मी वरूडच्या एसटीत बसले. ती मैत्रीण म्हणजे वैशाली, माझी हॉस्टेलमधली रूममेट. त्या प्रसंगाचा व्हिडिओ गाजला तेव्हापासून तिचे फोन बंद झाले होते. मोर्शी सोडल्यावर दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या, गर्द हिरव्या, फळांनी वाकलेल्या. एरवी मी फोटो काढले असते. त्या दिवशी मी मनात वाक्यं जुळवत होते.

वैशाली वडिलांच्या, म्हणजे नामदेवकाकांच्या, बागेशेजारच्या शेडमध्ये उभी राहून फळं निवडून घेत होती. मला पाहून तिने हातातलं फळ खाली ठेवलं.

"आलीस? बस."

बसायच्या आधीच मी बोलायला लागले. तिने मधेच थांबवलं.

"बाजारात पोट्टे त्याच आवाजात बाबाले हाका मारतेत. बाबा आता व्यापाऱ्याशी बोलाले मले पाठवते. भाचीच्या लग्नात तोंड उघडलं नाही त्यायनं. कावून केलं तू असं? दुसरं काहीच सापडलं नाही तुले?"

मी शेडमधल्या पेट्यांकडे पाहिलं. हॉस्टेलवर असताना मला कावीळ झाली होती. काकांनी ती संत्र्यांची पेटी माझ्यासाठी आणली होती, तीन दिवस स्वतः सोलून खायला घातली होती. स्टेजवर मी हे कधीच सांगितलं नाही. त्याने हशा थांबला असता.

नामदेवकाका बागेत होते. त्यांच्याकडे जाताना माझा पांढरा सँडल ओल्या काळ्या मातीत रुतला. ओढला तर पट्टाच तुटला. काकांनी पाहिलं, बादलीभर पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "पाय धुऊन घ्या. आपला प्रवास व्यवस्थित झाला ना?"

हॉस्टेलवर ते मला 'पोट्टे' (पोरी) म्हणून हाक मारायचे. आता प्रत्येक शब्द जपून, पुस्तकातल्यासारखा येत होता.

"काका, माझं चुकलं."

"नाही, नाही. आपला तो व्यवसाय आहे. जेवून जा."

रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी होती. मी एक रोडगाही संपवला नाही. काका हात धुवायला गेले आणि झाडांपलीकडून त्यांचा आवाज आला, "अबे, थे क्रेट उन्हात कावून ठिवून राहिला?" मोकळा, खणखणीत आवाज. मी वळून पाहिलं. त्यांचं लक्ष गेलं आणि ते गप्प झाले.

सोमवारी अकोल्याच्या बसमध्ये मी ठरवलं की तो प्रसंग पुन्हा करायचा नाही. मूर्तिजापूरपर्यंत त्याच्या जागी दुसरं काहीतरी लिहून काढलं. संध्याकाळी ते नवीन विनोद एकामागून एक पडले. लोक मोबाइल पाहू लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "संत्रेवाले बाबा करा!" बाकीच्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

मी केलं. पूर्ण आठ मिनिटं.

पडद्यामागे साठीच्या एक बाई डबा घेऊन उभ्या होत्या. "मी नामदेवदादाची बहीण. सकाळी दादाचा फोन आलता. म्हने, पोरगी अकोल्यात एकटी हाये, काल धड जेवली नाही, डबा नेऊन दे."

"तुम्ही कधी आलात?"

"सुरूपासूनच होती. तिसऱ्या रांगेत." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "आता खाऊन घ्या." आणि त्या निघून गेल्या.

पुण्याला पोचल्यावर मी व्हिडिओ काढून टाकला आणि काकांना फोन केला.

"काढून काय होईल? तो आता सगळ्यांकडे आहे," ते शांतपणे म्हणाले. अकोल्याचं त्यांना कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. मग त्यांनीच विचारलं, "डबा मिळाला ना आपल्याला?"

मी हो म्हटलं.

वरूडला माफी मागायला गेले होते, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर काकांनी हसून पाठीवर हात ठेवावा आणि मला पुढेही तेच करता यावं, यासाठी गेले होते. त्यांनी जेवायला घातलं. तेवढंच त्यांना देता आलं.